घरातली प्रार्थना पुन्हा कशी सुरू करावी, आणि मंडळीत तीन पिढ्या एकत्र कशा आणाव्यात

प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्र लिहितो तेव्हा तीमथ्याचा विश्वास कुठून आला हे सांगताना तो कुठल्या शाळेचे नाव घेत नाही. आजी लोईस, मग आई युनीके, मग तू, असा क्रम तो लावतो (2 तीमथ्य 1:5). शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, मी हे वचन मुलांकडून कितीदा पाठ करून घेतले, पण त्याचा अर्थ मला उशिरा उमगला. आठवड्यातला एक तास मूल आमच्या समोर बसते. उरलेले 167 तास ते दुसरीकडे असते. म्हणून सुरुवात घरापासून करा.

पहिली पायरी : रोजची दहा मिनिटे

वेळ ठरवा आणि ती जेवणाला जोडा. ताटे वाढण्याआधी किंवा हात धुऊन झाल्यावर, घराला जमेल तसे. घरातले सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बाबांचासुद्धा. क्रम साधा असू द्या: एक पद, बायबलमधली पंधरा वचने, त्यावर एक प्रश्न, एकाची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. ते सर्वांत छोटे आहे, त्यात घटना भरभर पुढे सरकतात आणि या गतीने ते साधारण दीड महिन्यात वाचून होते.

प्रश्न परीक्षेतला नको. ‘येशू कुठे गेला?’ असे विचारले की मूल उत्तर देऊन मोकळे होते. ‘छप्पर उकलून आजारी मित्राला येशूपुढे खाली सोडणाऱ्या त्या चौघांच्या जागी तू असतास तर?’ असे विचारा, मग आजोबाही बोलू लागतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची मराठी बायबल वाचताना अडखळ होते आणि ती लाजून गप्प बसतात. पुण्या-मुंबईतच नाही, तालुक्याच्या गावीही हे दिसते. अशा वेळी आजीने जुन्या भाषांतरातून वाचावे, मुलाने सोप्या भाषांतरातून किंवा हवे तर इंग्रजीतून, आणि मग काय वाचले ते मराठीत सांगावे. प्रार्थना मात्र घरात बोलतो त्याच भाषेत होऊ द्या. मोडकीतोडकी चालेल.

चार दिवस खंड पडला तर रागावू नका, पाचव्या दिवशी पुन्हा बसा. आणि कोणाला बसायचेच नसेल तर ओढून आणू नका. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. एकाच घरातल्या दोघांना पाच वर्षांचे अंतर पडले, आणि पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

दुसरी पायरी : महिन्याला एक पद

घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, ‘तुम्हाला कोणते पद तोंडपाठ आहे?’ ते वहीत उतरवून घ्या आणि महिनाभर तेच म्हणा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. टिळकांची भजने टाळ-मृदंगावर गाता येतात, आणि ‘उपासना संगीत’ हे पदांचे पुस्तक घरोघरी असतेच. अजून वाचता न येणारे मूल टाळ धरू शकते.

मी हा आग्रह धरते याला कारण आहे. आमच्या मंडळीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना स्वतःचा मुलगा ओळखू येत नव्हता. आम्ही त्यांच्या उशाशी जुने पद म्हणू लागलो आणि त्या पहिल्या चरणापासून शेवटपर्यंत आमच्याबरोबर गायल्या. एकही शब्द चुकला नाही.

तिसरी पायरी : वयाप्रमाणे हाताळणी

सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हाताला लागेल असे काही द्या: झावळी, भाकर, पाणी, मेणबत्ती. सात ते अकरा या वयात पाठांतर आणि नकाशे त्यांना आवडतात, त्याचा भरपूर उपयोग करा.

खरी कसोटी तेराव्या वर्षानंतर लागते. एका मुलाने मला वर्गात विचारले होते, ‘आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी माझे बाबा का गेले?’ मी घाईघाईने ठरलेले उत्तर दिले. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यापुढच्याही नाही. आज मी त्याच्याजवळ नुसती बसले असते आणि ‘मला माहीत नाही, बाळा’ म्हणाले असते. येशू मेलेल्यांतून उठला यावर थोमाने शंका घेतली तेव्हा शिष्यांनी त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, आणि तिथेच त्याला प्रभू भेटला. बारा वर्षांचा येशूही मंदिरात गुरुजनांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत बसला होता. महिन्यातून एक संध्याकाळ केवळ प्रश्नांसाठी ठेवा. चिठ्ठ्या बिननावाच्या चालतील.

चौथी पायरी : मंडळीत

आधी पाळक आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांशी बोला, परस्पर काही सुरू करू नका. मग महिन्यातला एक रविवार असा ठरवा की त्या दिवशी मुले उपासना सोडून वर्गात जाणार नाहीत. शास्त्रपाठ मुलीने वाचावा, तबला तरुणाने धरावा, मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना आजोबांनी करावी, संदेश पंधरा मिनिटांत आटोपावा. पहिले दोन-तीन महिने गोंगाट होईल, तो सोसा. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रविवारची शाळा सुरू केली ती सहा दिवस राबणाऱ्या मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून. मुलांना मोठ्यांच्या उपासनेपासून वेगळे ठेवणे हा तिचा हेतू नव्हता.

दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, प्रत्येक उमेदवाराला नात्याबाहेरचा एक वडीलधारा सोबती द्या. सहा भेटी पुरेत. पालकांना माहीत असावे आणि भेट चर्चच्या आवारात, इतर लोक असताना व्हावी, हा नियम कोणासाठीही मोडू नका. लहानग्या शमुवेलाला हाक ऐकू आली होती, पण ती देवाची आहे हे डोळे मंदावलेल्या म्हाताऱ्या याजक एलीने ओळखले. भेटीत धडा घेऊ नये. ‘तुमच्या आयुष्यात देव सर्वांत दूर केव्हा वाटला?’ एवढे तरुणाने विचारावे आणि ऐकावे.

ज्यांना चर्चला येता येत नाही त्यांच्याकडे पाळक प्रभुभोजन घेऊन जातात, तेव्हा दोन मुलांना सोबत न्या. एक पद म्हणेल, दुसरा स्तोत्र 23 वाचेल.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दर वर्षी तेच सात चेहरे उभे राहत असतील तर यंदा एक उद्गार दहावीतल्या मुलीला द्या आणि एक अशा विधवा आजीला, जी आजवर कधी मंचावर चढलेली नाही. तयारीला दोघींना एकत्र बसवा, आजीच्या घरी, चहा ठेवून.