फसलेल्या मणका-जोडणीचे निदान-कोडिंग : एम ९६.० कधी लावावा, कधी लावू नये

सोलापुरात संध्याकाळच्या वर्गात मी ज्या मुलामुलींना मेडिकल कोडिंग (डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला विमा-दाव्यासाठी ठरावीक कोड देण्याचे काम) शिकवतो, त्यांतील बहुतेक जण बी.फार्म., फिजिओथेरपी किंवा बी.ए.एम.एस. करून आलेले असतात. शरीररचना त्यांना पाठ असते. त्यांचे अडते ते एका शब्दापाशी. कागदावर ‘फेल्ड फ्यूजन’ (फसलेली मणका-जोडणी) किंवा ‘फेल्ड बॅक’ असे दिसले की हात आपोआप एम ९६.१ या शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या दुखण्याच्या कोडकडे जातो आणि ऑडिटमधून ती फाइल परत येते. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘फेल’ हा शब्द डॉक्टर निदान तीन निराळ्या अर्थांनी वापरतात : हाड जुळले नाही, बसवलेला स्क्रू किंवा रॉड तुटला वा सरकला, अथवा हाड नीट जुळूनही दुखणे राहिले. या तिन्हींचे कोड वेगळे आहेत, म्हणून कोड शोधण्याआधी सर्जनला यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे लागते.

त्यासाठी शस्त्रक्रियेमागची कल्पना स्पष्ट हवी. फ्यूजनमध्ये दोन मणक्यांमधली हालचाल कायमची थांबवायची असते. स्क्रू आणि रॉड हे स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखे असतात; वरचे पक्के होईपर्यंत त्यांनी आधार द्यायचा असतो, आणि खरी जोडणी बोन ग्राफ्टमधून (तिथे भरलेल्या हाडाच्या तुकड्यांमधून) वाढणाऱ्या हाडाने करायची असते. ते हाड वाढले नाही, तर मणके हलत राहतात, सगळा भार धातूवर येतो आणि वारंवार वाकून धातूही थकतो. त्यामुळे तुटलेला स्क्रू ही पुष्कळदा न जुळलेल्या हाडाची खूण असते. परंतु खुणेवरून निदान करणे हे कोडरचे काम नाही. हाड जुळायला अनेक महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात ‘फ्यूजन अपूर्ण’ असे लिहिलेले असेल, तर त्याला नॉनयुनियन (हाड न जुळणे) समजू नये. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसणारी हालचाल, सीटी स्कॅनमध्ये हाडाचा पूल नसणे, स्क्रूभोवती दिसणारे काळे वलय या गोष्टी वाचून समजून घ्याव्यात. मात्र दाखल रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्यांचा अर्थ स्वतः लिहिला असेल तरच त्यांचा कोड करावा.

‘सूडआर्थ्रोसिस’ (हाड न जुळता तिथे हालचाल राहणे) किंवा ‘फ्यूजनच्या जागी नॉनयुनियन’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यास कोड एम ९६.० हा आहे. आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निदान-कोडच्या यादीच्या, इंडेक्समध्ये तो शोधताना एक चकवा लागतो, आणि माझ्या वर्गातील निम्मी मुले त्यात सापडतात. ‘सूडआर्थ्रोसिस’ या मुख्य शब्दासमोरच ‘नॉनयुनियन, फ्रॅक्चर पाहा’ असा निर्देश आहे. घाईत असलेला कोडर तिकडे वळतो आणि अस्थिभंगाच्या प्रकरणात जाऊन पडतो. त्याच शब्दाखाली थोडे खाली उतरावे. ‘जॉइंट’ या उपशब्दापुढे ‘फ्यूजन किंवा आर्थ्रोडेसिसनंतर’ (आर्थ्रोडेसिस म्हणजे सांधा कायमचा जोडणे) अशा अर्थाची नोंद आणि एम ९६.० हा कोड मिळतो. हा कोड चारच अक्षरांचा आहे. त्याला मानेचा की कमरेचा हा भेद नाही आणि उपचाराचा टप्पा सांगणारे सातवे अक्षरही नाही, म्हणून सॉफ्टवेअरने मागितले नाही याची काळजी करू नये. अस्थिभंग झालेला मणका शस्त्रक्रियेविना जुळला नाही, तर ती गोष्ट वेगळी. तिथे एस प्रकरणातील अस्थिभंगाचा कोड आणि शेवटी ‘हाड जुळले नाही’ असे सांगणारे के हे अक्षर येते.

स्क्रू किंवा रॉड तुटला असेल, तर टी ८४.२१६ए, जागेवरून सरकला असेल, तर टी ८४.२२६ए. रोपणाभोवती, म्हणजे बसवलेल्या धातूभोवती, जंतुसंसर्ग असेल, तर टी ८४.६३एक्सए. शेवटचे ए हे पहिल्या भेटीचे अक्षर आहे असे अनेकांना वाटते, पण सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ते लागते, मग रुग्ण त्या सर्जनकडे तिसऱ्यांदा आलेला असला तरी चालते. हाड न जुळणे आणि धातू तुटणे या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी लिहिल्या असतील, तर दोन्ही कोड द्यावेत. एम ९६ खालील टी ८४ विषयीची टीप ‘एक्सक्लूड्स २’ प्रकारची आहे, म्हणजे ती एकत्र लावण्यास मनाई करत नाही.

हाड जुळले आहे, धातू शाबूत आहे, तरीही पाठ आणि पाय दुखतात, आणि डॉक्टर ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ किंवा ‘पोस्टलॅमिनेक्टमी सिंड्रोम’ लिहितात. तिथे एम ९६.१ योग्य. दुखणे शेजारच्या मणक्यातील चकतीची झीज झाल्यामुळे असेल, तर फ्यूजन फसलेले नसते. झीज कमरेच्या भागात असेल, तर एम ५१.३६ च्या मालिकेत जावे लागते. ही मालिका १ ऑक्टोबर २०२४ पासून सहा अक्षरांची झाली आहे : केवळ पाठदुखी असल्यास एम ५१.३६०, केवळ पायातील वेदना असल्यास एम ५१.३६१, दोन्ही असल्यास एम ५१.३६२, आणि यांचा उल्लेखच नसल्यास एम ५१.३६९. जुने पाच अक्षरी कोड पाठ केलेल्यांचे दावे इथेच अडकतात. अशा रुग्णाच्या जुन्या, नीट जुळलेल्या फ्यूजनसाठी झेड ९८.१ जोडता येतो. मात्र त्याच पातळीसाठी एम ९६.० दिलेला असल्यास झेड ९८.१ देऊ नये, कारण आधी फ्यूजन झाले होते ही माहिती एम ९६.० मध्येच सामावलेली आहे.

सरावासाठी मी एक काल्पनिक कागद तयार केला आहे. बावन्न वर्षांचा यंत्रमाग कामगार, दोन वर्षांपूर्वी एल ४-एल ५ (कमरेचा चौथा व पाचवा मणका) फ्यूजन झालेले, तंबाखू मळून खाण्याची सवय, सीटीवर हाडाचा पूल नाही आणि खालचा एक स्क्रू तुटलेला. सर्जनने लिहिले आहे : ‘एल ४-एल ५ सूडआर्थ्रोसिस, तुटलेला पेडिकल स्क्रू, पुन्हा फ्यूजनसाठी दाखल’. इथे एम ९६.० आणि टी ८४.२१६ए हे दोन कोड निश्चित आहेत. पहिला कोणता, हे दाखल होण्याचे कारण पाहून ठरते. शस्त्रक्रियेचा उद्देश हाड पुन्हा जुळवणे हा असल्याने मी एम ९६.० आधी ठेवतो. तंबाखूविषयी मुले नेहमी भांडतात. निकोटीनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो, त्यामुळे तंबाखूचा कोड हवा हे खरे. पण डॉक्टरांनी फक्त ‘तंबाखू सेवन’ लिहिले असेल तर झेड ७२.०, आणि तंबाखूवरील अवलंबित्व स्पष्ट लिहिले असेल तर एफ १७.२२०. ‘आपल्याकडे सगळेच खातात’ या समजुतीवरून एफ १७ लावू नये.

‘बहुधा’, ‘संभाव्य’, ‘शंका’ हे शब्द कुठे लिहिले आहेत तेही पाहावे. ओपीडीच्या नोंदीत ‘संभाव्य सूडआर्थ्रोसिस’ असेल, तर एम ९६.० लागत नाही. त्या दिवशीची लक्षणे कोड करावीत. दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत अखेरपर्यंत तेच अनिश्चित निदान राहिले असेल, तर मात्र ते निश्चित असल्याप्रमाणे कोड करण्याचा नियम आहे. दोन्हींत गल्लत झाली की दावा फिरतो.

नुसते ‘फेल्ड फ्यूजन’ लिहून डॉक्टर पुढे गेले असतील, तर क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) पाठवावी. ‘हे सूडआर्थ्रोसिस आहे ना?’ असा होकार सुचवणारा प्रश्न विचारू नये. सीटीचा अहवाल व दुखण्याची नोंद तारखेसह मांडून, ‘कृपया निदान स्पष्ट करावे : हाड न जुळणे, रोपण तुटणे वा सरकणे, जोडणी पूर्ण असून वेदना राहणे, अन्य काही, किंवा सांगता येत नाही’ असे पर्याय द्यावेत.

वरील सर्व कोड अमेरिकन दाव्यांसाठीच्या आयसीडी-१०-सीएममधील आहेत. सोलापुरातील रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरली जात असेल, तर एम ९६.० आणि एम ९६.१ तेच राहतात, परंतु तुटलेल्या स्क्रूसाठी टी ८४.२ एवढ्यावरच थांबावे लागते. पुढचे अंक आणि ए त्या आवृत्तीत नाहीत.