क्रोशाचा पहिला चौकोन: आधी कोपरे सांभाळा

बेळगाव-खानापूरकडे जूनमध्ये पावसाची झड लागली की बाहेरची कामं आपसूक आवरती होतात. क्रोशाची सुई हातात धरायला याहून चांगले दिवस नाहीत. नवशिक्यांना मी आधी चौकोनच घ्यायला सांगते. तोरण, टेबलावरचा रुमाल हे सगळं नंतर. साखळी आणि खांब हे दोन टाके आले की चौकोन होतो.

खडेबाजारात घ्या किंवा निपाणीत, शिवणकामाच्या दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते. तीच घ्या. आपल्या दमट हवेत जाड सुती दोरा दिवस दिवस ओला राहतो, ही लवकर वाळते. मध्यम जाडीची लोकर आणि 4 मिमीची सुई पुरे. रंग फिका निवडा: पिवळा, गुलाबी, पिस्ता. ढगाळ दिवशी काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीतले टाके दिसतच नाहीत. केसाळ लोकर तर अजिबात नको, चुकलं तर उसवता येत नाही.

सुईवर सरकफास घालून 4 साखळ्या विणा; सुईवर दोरा घेऊन फासातून ओढला की एक साखळी होते. सुई पहिल्या साखळीत घाला, दोरा घेऊन सुईवरच्या सगळ्या फासांतून एकदम ओढा. झालं कडं. याच टाक्याने, म्हणजे स्लिप स्टिचने, पुढे प्रत्येक फेरी बंद करायची.

आता खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई कड्यात घालून दोरा वर ओढा. सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. दोरा ताणू नका. सुई फासात सहज मागेपुढे सरकली पाहिजे, नाहीतर पुढच्या फेरीत बोटं दुखतात.

पहिल्या फेरीत 3 साखळ्या घाला, हा पहिला खांब समजायचा. कड्यातच आणखी 2 खांब, मग 2 साखळ्या. यानंतर 3 खांब आणि 2 साखळ्या असं तीनदा करा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच घालून फेरी बंद करा. तीन-तीन खांबांचे 4 गट झाले. मधल्या 2 साखळ्यांची खिडकी हाच कोपरा.

कोपरा एकदा कळला की बाकी सगळं सोपं आहे. काम उलटू नका. पुढच्या दोन खांबांवर स्लिप स्टिच घालत कोपऱ्याच्या खिडकीत या. तिथे 3 साखळ्या, 2 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. म्हणजे एकाच खिडकीत दोन गट. मग 1 साखळी, आणि पुढच्या कोपऱ्यात 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. चारही कोपरे असेच करा, शेवटची 1 साखळी घालून फेरी बंद करा. गट मोजा, 8 हवेत. तिसऱ्या फेरीत कोपरे तसेच, फक्त बाजूच्या 1 साखळीच्या फटीत 3 खांबांचा एकच गट आणि त्याच्या दोन्ही अंगांना 1 साखळी; एकूण 12 गट. दर फेरीला 4 गट वाढतात. हा हिशेब चुकला तर लगेच उसवा, पुढे जाऊन तो जुळत नाही.

चौकोन वाटीसारखा वर वळत असेल तर हात घट्ट आहे किंवा कोपऱ्याच्या 2 साखळ्या राहून गेल्यात. कडा लाटांसारखी होत असेल तर कुठेतरी गट जास्त पडलाय.

चार फेऱ्या झाल्या की चौकोन साधारण तळहाताएवढा होतो. वीतभर दोरा सोडून कापा, शेवटच्या फासातून ओढून घ्या आणि मोठ्या नेढ्याच्या सुईने मागच्या बाजूने आधी एकीकडे, मग उलट दिशेने ओवा. एकाच दिशेने ओवलेला दोरा धुण्यात सुटतो. आकार बसवायला चौकोन ओला करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणून वाळवा. इस्त्री थेट फिरवू नका, अ‍ॅक्रिलिक वितळतं.