वजनकाटा बाईकडे तोंड करून ठेवा

काजू फॅक्टरीत सुपरवायझर म्हणून मला १७ वर्षं झाली. वेंगुर्ल्याच्या आसपास नवीन युनिट काढणारे, बचतगट चालवणाऱ्या ताई मला एकच गोष्ट विचारतात: बायका टिकत नाहीत, टिकल्या तर मन लावून करत नाहीत, काय करायचं? मी काय करते ते सांगते.

सुरुवात काट्यापासून करा. पूर्वी मी दुसऱ्या एका युनिटला होते. तिथे काटा आत ऑफिसात. गराचा डबा आत जायचा आणि आकड्याची चिठ्ठी बाहेर यायची. एका संध्याकाळी एका मावशीने विचारलं, "ताई, माझां वजन आज कमी कसां भरलां?" मला सांगता येईना, कारण काटा मीही बघितला नव्हता. ऐन एप्रिलमध्ये, बियांची पोती छपरापर्यंत लागलेली असताना, निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. मजुरीच्या दराबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आता माझ्याकडे काटा हॉलच्या मधोमध असतो, आकडा बाईच्या बाजूला. आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा. आकडा तिने मोठ्याने वाचायचा, मी माझ्या वहीत लिहायचा, तिने तिच्या. वजन करायला पाच-दहा मिनिटं जास्त जातात, ती जाऊ द्या.

मग बी वाटप. याकडे मालकांचं लक्षच नसतं. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, गावठी बी त्याच्या निम्मी. आमच्याकडे बी कापायची मजुरी गराच्या किलोवर आहे. म्हणजे मोठी बी जिच्या वाट्याला आली तिचा डबा लवकर भरतो; दुसरी तेवढाच वेळ मान मोडून कापते आणि कमी पैसे घेऊन घरी जाते. असं आठ दिवस चाललं की सुपरवायझर आपल्या माणसांना बघते, अशी कुजबुज सुरू होते. एक तर बी आकाराप्रमाणे चाळून लहान बीला वेगळा दर द्या, नाहीतर रोज सकाळी चिठ्ठ्या टाका. मी चिठ्ठ्या टाकते, आणि चिठ्ठी सगळ्यांत नवी बाई उचलते.

कटरवर जोडी असते. एकीने बी पात्यात धरून दांडा दाबायचा, दुसरीने सुईने गर सोडवायचा. जमलेली जोडी विचारल्याशिवाय मोडू नका, मग ऑर्डरची कितीही घाई असो. नव्या मुलीला सगळ्यांत वेगवान बाईजवळ बसवू नका, शांत बाईजवळ बसवा. आणि शिकवणारीचं नुकसान होतं हे लक्षात ठेवा: मुलीच्या हातून गर फुटत असतो आणि डबा मात्र दोघींचा. म्हणून पहिले १५ दिवस मी शिकवणारीला तिच्या मागच्या महिन्याच्या सरासरीइतकी मजुरी देते. मालकाला हे पटवायला मला दोन मोसम लागले. त्याआधी नवी मुलगी आली की जुन्या बायका मान खाली घालायच्या. आता "माझ्याकडे द्या" म्हणतात.

हात बघा, खरोखर हातात घेऊन बघा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, बोटं काळी पडतात, जेवताना आमटीही झोंबते. हातमोज्यात बी निसटते म्हणून पुष्कळ जणी ते काढून ठेवतात. मग निदान खोबरेल, राख आणि साबण कंपनीच्या खर्चाने टेबलावर हवा. घरून तेलाची बाटली आणायला लावणाऱ्या ठिकाणी कोणी का जीव लावून राबावं?

गरावरची पातळ साल सोलणाऱ्या बायकांना मजुरी नुसत्या वजनावर देऊ नका. हात घाईने चालतात आणि अख्ख्या गराची पाकळी, म्हणजे अर्धा गर होतो, पाकळीचा तुकडा. अख्ख्या गराला वेगळा, चढा दर ठेवा. महिन्यातून एकदा पॅकिंगचा डबा त्यांच्यासमोर उघडून दाखवा: २४० नंबर म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० गर. हा भाव, आणि हा तुकड्याचा भाव. ज्या बाईने वर्षानुवर्षं गर सोलला तिला तो कुठल्या भावाने जातो हे कोणी सांगितलेलंच नसतं.

रजेचं थोडक्यात. लावणी, चवथ, शिमगा, गावची जत्रा, या दिवसांत बाई येणार नाही. भांडू नका, ऑर्डरच्या तारखा त्याप्रमाणे घ्या. आंगणेवाडीची जत्रा तिथीवर नसते, देवीच्या कौलाने ठरते. तारीख कळली की त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा. कॅलेंडर ऑफिसात नको, पाण्याच्या पिंपाजवळ लावा, शेजारी पेन्सिल दोरीने बांधून. रजा मागायला कोणी माझ्यासमोर उभी राहत नाही. आपलं नाव आपण लिहिते, आणि त्या दिवशी कटरवर कोण बसेल तिचंही नाव खाली लिहून जाते.