कपॅसिटरमधली निम्मी ऊर्जा गेली कुठे?

पहिल्या वर्षी एका गणितापाशी मी तीन दिवस अडकलो होतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार (चार्ज) साठवणारा भाग, १० व्होल्टला चार्ज केला, बॅटरी काढली आणि तेवढाच दुसरा, रिकामा कपॅसिटर त्याला जोडला. आता व्होल्टेज किती? ऊर्जा तेवढीच राहणार असं धरून मी ७.०७ लिहिलं. उत्तर ५ आहे.

कायम राहतो तो चार्ज, १ मिलिकूलोम. तो दोघांत निम्मा वाटला जातो. आधी ऊर्जा ५ मिलिज्यूल होती, नंतर प्रत्येकी १.२५, म्हणजे एकूण २.५. उरलेली तारेच्या रोधात उष्णता होऊन गेली.

रोध कमी केला की नुकसान कमी होईल, असं मला वाटलं आणि इथेच मी फसलो. नीट आकडे मांडून बघा. मध्ये १००० ओहम टाकला तर सुरुवातीचा प्रवाह १० मिलिअँपिअर, टाइम कॉन्स्टंट, म्हणजे प्रवाह सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, ५० मिलिसेकंद (इथे दोन्ही कपॅसिटर मिळून ५० मायक्रोफॅरड धरायचे). १० ओहम टाकला तर प्रवाह १ अँपिअर, वेळ फक्त अर्धा मिलिसेकंद. उष्णता शंभरपट जोरात निघते, पण शंभरपट कमी वेळ. बेरीज दोन्हीकडे २.५ मिलिज्यूलच. रोध अगदी शून्य मानला तर तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, आडवं येतं, प्रवाह मागेपुढे झुलत राहतो आणि ऊर्जा विद्युतचुंबकीय लहरींच्या रूपाने बाहेर जाते. पहिल्या वाचनात हे पटलं नाही तर घाबरू नका, मलाही पटलं नव्हतं. फक्त सूत्र पाठ करून पुढे जाऊ नका. माझे तीन दिवस पाठांतरानेच खाल्ले.

रोधातून डिस्चार्ज होताना एका टाइम कॉन्स्टंटनंतर व्होल्टेज सुमारे ३७ टक्के उरतं, ऊर्जा मात्र साडेतेरा टक्केच, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते.

आणि प्रत्यक्ष काम करताना, कपॅसिटर रिकामा करायला ‘दोन्ही टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकव, झालं’ असं सांगणारा कितीही अनुभवी असो, त्याच्याकडून ही सवय उचलू नका. मोठ्या कपॅसिटरची सगळी ऊर्जा क्षणात त्या टोकाशी बाहेर पडते. योग्य वॅटेजच्या रोधातून डिस्चार्ज करा, मल्टिमीटरने मोजा, थोडं थांबून पुन्हा मोजा. डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे प्लेटांमधल्या विद्युतरोधक थरात, मुरलेला चार्ज परत वर येतो आणि शून्य दाखवलेला कपॅसिटर पुन्हा व्होल्टेज दाखवतो.

आता तेच गणित दुसरा कपॅसिटर ३०० मायक्रोफॅरडचा घेऊन सोडवा. व्होल्टेज २.५ आलं आणि पाऊण ऊर्जा गेली, तर तुमची मांडणी बरोबर आहे.