डिजिटल सही दहा वर्षांनीही पटावी म्हणून

सहीचा स्कॅन पीडीएफवर चिकटवला की डिजिटल सही झाली, हा गैरसमज आधी काढून टाका. खरी सही करताना सॉफ्टवेअर फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढतं आणि त्यावर तुमच्या खासगी कीने (फक्त तुमच्याकडे असणाऱ्या गुप्त डिजिटल किल्लीने) सही करतं. इनव्हॉइसमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हॅश पार बदलतो आणि पडताळणी फेल होते. हॅश काढायला एसएचए-२५६ ही पद्धत घ्या. जुनी एसएचए-१ नकोच, हॅश एकच पण मजकूर वेगळा अशा दोन पीडीएफ २०१७ मध्येच बनवून दाखवल्या गेल्या आहेत.

खासगी की यूएसबी टोकनच्या (सहीसाठीच्या, पेनड्राइव्हसारख्या उपकरणाच्या) आतच तयार करा, म्हणजे ती कॉपी होऊन बाहेर जात नाही. टोकनला पिनची चिठ्ठी चिकटवणारेही असतात, त्यांना काय सांगणार! टोकन हरवलं तर त्याच दिवशी सर्टिफिकेट, म्हणजे ही की तुमचीच आहे असा डिजिटल दाखला, रद्द करून घ्या.

सही करताना टाइमस्टॅम्प सर्व्हरची (सहीच्या वेळेवर बाहेरून शिक्का मारणाऱ्या सेवेची) सेटिंग चालू आहे ना, ते बघा. ती नसेल तर सहीची वेळ तुमच्या संगणकाच्या घड्याळातून येते, आणि ते घड्याळ कोणीही मागे करू शकतं. सर्टिफिकेटची मुदत संपल्यावर 'सही मुदतीतच झाली होती' हे मग सिद्ध करता येत नाही. पीडीएफमध्ये एलटीव्हीचा (लाँग टर्म व्हॅलिडेशन, म्हणजे दीर्घकाळ पडताळणीचा) पर्यायही निवडा. सर्टिफिकेट त्या वेळी रद्द झालेलं नव्हतं याचा पुरावा फाइलमध्येच राहतो. टाइमस्टॅम्पच्या सर्टिफिकेटचीही मुदत संपते, म्हणून ती संपण्याआधी नवा टाइमस्टॅम्प लावा.

सही झालेल्या फाइलला हात लावू नका. कॉम्प्रेस, मर्ज किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की सही गेलीच. सीएसव्हीचं (साध्या मजकुरात ठेवलेल्या तक्त्याच्या फाइलचं) दुखणं वेगळं: एक्सेलमध्ये उघडून नुसती सेव्ह केली तरी ००१२३ चं १२३ होतं. बघायचीच असेल तर कॉपी उघडा.

सहीमुळे मजकूर लपत नाही, त्यासाठी एन्क्रिप्शन, म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही असं रूपांतर, वेगळं करावं लागतं. आधी सही, मग एईएस-२५६ पद्धतीने एन्क्रिप्शन. दोन्हीला एकच की वापरू नका: सहीची की हरवली तर नवी घेता येते, एन्क्रिप्शनची हरवली तर डेटाच गेला. म्हणून सहीच्या कीची दुसरी प्रत असूच नये आणि एन्क्रिप्शनच्या कीची असलीच पाहिजे, तीही डेटापासून दूर.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातली एक तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता न येणारी. दर तीन महिन्यांनी एखादी फाइल रिस्टोअर करून, दुसऱ्या संगणकावर तिची सही पडताळून बघा.