जुने अंक स्कॅन करताना मागे काळा कागद
दादरला आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक मोबाईलवर स्कॅन करतोय, कागद इतका पातळ की मागच्या बाजूची अक्षरं उलटी होऊन पुढे उमटायची, नुसती खिचडी. उपाय फारच स्वस्त निघाला. स्टेशनरीवाल्याकडून काळा कार्डपेपर आणा, चकचकीत नको, तो पानामागे सरकवा आणि मग फोटो काढा, मागची छपाई जवळपास गायब! पान जरा करडं येतं, ब्राइटनेस वाढवला की झालं. फाईलच्या नावात वर्ष आधी, मग पान नंबर तीन आकडी, १९७२_०४५ असं, नाहीतर १० नंबरचं पान २ च्या आधी जाऊन बसतं. फक्त पान फाटलं तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पुढे पिवळा पडतो आणि डाग जाता जात नाही.