एसक्यूलाइटवर छोटं वेब ॲप बनवताय? या चुका टाळा

छोट्या ॲपसाठी फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) ही जोडी झकास. वेगळा डेटाबेस सर्व्हर नको, त्याच्या पासवर्डची भानगड नको. मात्र डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल, हे विसरलं की डोकेदुखी सुरू.

लॅपटॉपवर नीट चालणारं ॲप सर्व्हरवर चढवताच 'नो सच टेबल' म्हणू लागतं. टेबल कुठे गेलेलं नसतं. कोडमध्ये फक्त फाइलचं नाव असतं आणि सर्व्हर ॲप भलत्याच फोल्डरमधून सुरू करतो. फाइल सापडली नाही की एसक्यूलाइट मुकाट्याने नवी, रिकामी फाइल बनवतं. कुठे शून्य बाइटची फाइल उगवली आहे का बघा आणि पूर्ण पाथ द्या. ती फाइल पब्लिक फोल्डरमध्येही नको, नाहीतर कुणीही सरळ डाउनलोड करेल.

'डेटाबेस इज लॉक्ड' दिसलं की लोक लगेच पोस्टग्रेस या सर्व्हरवाल्या डेटाबेसकडे धावतात. थांबा. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच कनेक्शन लिहू शकतं, त्यामुळे आधी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) किती वेळ उघडं राहतंय ते तपासा. नेहमीचा गुन्हेगार असा: ऑर्डर इन्सर्ट केली, मग ईमेल पाठवली, मग कमिट (म्हणजे बदल पक्के). ईमेल सर्व्हर दहा सेकंद रखडला की बाकीचे सगळे ताटकळतात. आधी कमिट करा, मग ईमेल. सोबत वॉल मोड (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) सुरू करा. 2010 पासून उपलब्ध आहे आणि त्यात वाचणारे व लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. बिझी टाइमआउट (लॉक सुटेपर्यंत थांबायची मुदत) देऊनही एरर तत्काळ येत असेल, तर ट्रान्झॅक्शन आधी वाचून मग लिहितंय का बघा. तिथे 'बिगिन इमिजिएट' वापरा, म्हणजे लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच घेतला जातो.

वॉल मोडमध्ये बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल कॉपी करू नका. ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात. 'व्हॅक्यूम इन्टू' ही पूर्ण प्रत बनवणारी आज्ञा वापरा, आणि ती प्रत एकदा उघडून बघा.

क्वेरीच्या मजकुरात युजरचा इनपुट जोडू नका, पॅरामीटर वापरा, म्हणजे इनपुट क्वेरीपासून वेगळा द्या. हे सांगायला नको, पण अजूनही दिसतं.

ग्राहक डिलीट झाला, तरी त्याच्या ऑर्डरी तशाच? फॉरेन की (दोन टेबलांमधल्या नोंदींचं नातं जपणारा नियम) मुळात बंद असतात आणि प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग-आज्ञा) देऊन सुरू कराव्या लागतात. सुरू केल्यावर जुना कचरा आपोआप निघत नाही. तो शोधायला 'फॉरेन की चेक' हा वेगळा प्राग्मा आहे.